लेकीचा विषय

शनिवार, ३ सप्टेंबर

अखेर नाव घातलं. वाचनालयाच्या वरच्या मजल्यावर दर शनिवारी सकाळी वर्ग भरणार आहे. विषय : क्वांटम कॉम्प्युटरची प्राथमिक ओळख. जाहिरातीखाली बारीक अक्षरात 'गणिताची भीती नसावी' असं छापलंय. मला हसूच आलं. मुलींच्या मनातली तीच भीती घालवण्यात माझी सगळी नोकरी गेली.

घरी येऊन सांगितलं तर वन्सं म्हणाल्या, "या वयात? त्यापेक्षा गुडघ्यांचे व्यायाम शिका वहिनी, निदान त्या वाचनालयाचा जिना तरी चढता येईल." हे गेल्यापासून माझी ही नणंद माझ्याकडेच असते. वयानं माझ्यापेक्षा लहान, पण तोंडानं मोठी.

खरं कारण त्यांना सांगितलं नाही, इथे लिहिते. चिंगी डिसेंबरात येणार आहे. माझी एकुलती एक लेक दूर देशी क्वांटम कॉम्प्युटर बनवणाऱ्या कंपनीत आहे, आणि ती तिथे नेमकं काय करते हे मला सांगता येत नाही. कुणी विचारलं की मी तो शब्द तेवढा उच्चारते आणि समोरचा दबून गप्प होतो. हे होते तोवर फोन त्यांच्याकडे असायचा. बाप-लेक कसल्या तरी फालतू गोष्टींवर हसत बसायचे आणि अगदी शेवटी, "आईला देतो हं," म्हणून फोन माझ्या हातात यायचा. आता फोन थेट माझ्याकडे येतो. जेवलीस का, झोप होते का, थंडी कितपत आहे. मग दोघी गप्प. मागच्या खेपेला आली तेव्हा सगळी सुट्टी आम्ही एकमेकींना चहा हवा का एवढंच विचारत होतो.

यंदा असं होऊ द्यायचं नाही. तिचा विषय मला कळू लागला की ती आपणहून बोलेल. लहान होती तेव्हा गणिताच्या वहीवर डोक्याला डोकं लावून आम्ही किती वेळ बसायचो! तिला उठायचंही भान नसायचं. मीच उठू द्यायची नाही, ते वेगळं.

शनिवार, १० सप्टेंबर

शिकवणारी मुलगी चिंगीपेक्षाही लहान दिसते. एका मुद्द्यावरून दुसऱ्या मुद्द्यावर उड्या मारत बोलते, म्हणून मनातल्या मनात तिचं नाव टोळ ठेवलं. वर्गात बहुतेक कॉलेजची मुलं. म्हातारी अशी दोनच माणसं, मी आणि माझ्या बाकावरचे एक निवृत्त दातांचे डॉक्टर.

साधा कॉम्प्युटर बिटवर चालतो. बिट म्हणजे दिव्याचं बटण, चालू नाहीतर बंद. क्यूबिट म्हणजे बाण समजा, असं टोळ म्हणाली. बाण वर असला तर शून्य, खाली असला तर एक, पण तो आडवा, तिरका, कसाही असू शकतो. मात्र मोजलं की त्याला शून्य किंवा एक असं एकच उत्तर द्यावं लागतं, आणि आधी तो कुठे रोखलेला होता ते कायमचं पुसलं जातं.

"म्हणजे आमचा पेशंटच की," डॉक्टर मला म्हणाले. "खुर्चीत बसवून 'दुखतंय का' विचारलं की हो किंवा नाही. बसायच्या आधी त्याच्या मनात काय काय होतं ते कोण सांगणार?"

मी त्यांना गप्प केलं. वर्गात बोललेलं मला चालत नाही. पण फळ्यासमोर पेन्सिल घेऊन बसताना किती वर्षांनी तो जुना वास आला! ओल्या डस्टरचा, खडूचा, कॉन्व्हेंटमधल्या सिस्टरच्या कडक इस्त्रीच्या झग्याचा. आमच्या गणिताच्या सिस्टर म्हणायच्या, "पायरी दाखव, मुली. नुसतं उत्तर तर शेजारणीच्या वहीतही असतं." मी जन्मभर तेच शिकवलं. पायरी दाखवा. प्रत्येक पायरी तपासा, मगच पुढे जा.

रविवार, ११ सप्टेंबर

चिंगीला वर्गाचं सांगितलं. वाटलं होतं, किंचाळेल आनंदानं. "कशाला, आई?" म्हणाली. मग जरा थांबून, "म्हणजे, छान आहे. पण कशाला?"

"तुझं काम समजून घ्यायला."

"माझं काम म्हणजे काही फार नाही गं."

हा तिचा विनय बापाकडून आलाय. फोनच्या पडद्यावर तिच्या मनगटाला पट्टी बांधलेली दिसली. विचारलं तर, "कामावर जरा लागलं." मागे कुत्री भुंकत होती, एक नाही, दोन-तीन तरी असावीत. हे काय म्हटलं, तर म्हणाली, "इथे लोक आणतात कामावर." सुट्टीच्या दिवशीही कामावर, आणि तेही कुत्र्यांसकट. धन्य त्या लोकांची.

वन्संना पट्टीचं सांगितलं. त्यांनी मान वर न करता विचारलं, "इंजेक्शन घेतलंय का तिनं?"

"ओरखड्याला कसलं इंजेक्शन!"

"मी आपलं विचारलं," म्हणाल्या.

शनिवार, २४ सप्टेंबर

आज पट्टीचा उलगडा झाला. क्यूबिट फार नाजूक. जराशी ऊब, जरासा धक्का लागला की बिघडतात. म्हणून काही यंत्रं अवकाशातल्या थंडीपेक्षाही थंड ठेवतात. सोनेरी झुंबरासारखं दिसतं ते यंत्र, टोळनं चित्र दाखवलं. थंडीनंही माणूस भाजतो. माझ्या पोरीचा हात त्या झुंबराला लागला असणार. डोळ्यांत पाणीच आलं. इतकं अवघड काम करते आणि म्हणते, काही फार नाही.

न राहवून मी हात वर केला आणि सांगून टाकलं की माझी मुलगी याच कामात आहे. सगळा वर्ग वळून बघायला लागला. टोळचे डोळे चमकले. "काकू, खरंच? त्या एकदा आमच्याशी बोलतील? पडद्यावर, अर्धा तास?"

"न बोलायला काय झालं?" मी म्हटलं.

जिना उतरताना गुडघे दुखले नाहीत.

रविवार, २५ सप्टेंबर

चिंगीला वर्गासमोर बोलायचं सांगितलं.

"आई, मला विचारायचं तरी होतंस."

"आईच्या वर्गात बोलायला विचारायचं काय त्यात? नोव्हेंबरचा पहिला शनिवार ठरलाय. अगं, सगळी मुलं वाट बघतायत."

"मला असं लोकांसमोर नाही जमत."

"स्नेहसंमेलनातही असंच म्हणायचीस. ढकलली की बोलायचीस ना छान?"

वन्सं शेजारी कपड्यांच्या घड्या घालत होत्या. फोन ठेवल्यावर म्हणाल्या, "तेव्हा ती विंगेत ओकायची. दादा पुसायचा." मला हे माहीत नव्हतं. वन्सं काहीही रचून सांगतात.

रविवार, २ ऑक्टोबर

आजचा फोन सोन्यासारखा झाला.

काल वर्गात एच नावाची क्रिया शिकलो. वर रोखलेल्या बाणाला ती आडवा करते. आडवा बाण मोजला तर कधी शून्य येतं, कधी एक, साधारण निम्मं-निम्मं. घरी करायला प्रश्न दिलाय : लागोपाठ दोनदा एच केला तर काय मिळेल? टोळनं दिलेल्या प्रोग्रामवर मी करून बघितलं. निम्मं-निम्मंच आलं. तरी खात्री करावी म्हणून चिंगीला विचारलं.

"तेच येणार ना," ती म्हणाली. "एकदा कर नाहीतर दहादा कर. रँडम ते रँडमच."

"बघ, मलाही तेच आलं!"

"मग झालं तर. हुशार आहेस तू, आई."

पोटची पोर मला हुशार म्हणाली. तिच्या विषयात. फोन ठेवून मी स्वयंपाकघरात उगाच भांडी इकडची तिकडे करत होते.

शनिवार, ८ ऑक्टोबर

इतकी लाज निवृत्त झाल्यापासून वाटली नव्हती.

टोळनं विचारल्याबरोबर मी फळ्यापाशी गेले आणि ठणकावून उत्तर लिहिलं. वर म्हटलंसुद्धा, "माझ्या मुलीकडून तपासून घेतलंय." टोळनं माझा प्रोग्राम पडद्यावर लावला आणि खालचा ओठ चावला. "काकू, तुम्ही दोन एचच्या मधे मोजलंत."

"मोजलं की. पहिली पायरी बरोबर झाली का ते बघायला नको?"

मुलं हसली. टोळनं मात्र नीट समजावलं. पहिला एच बाणाला आडवा करतो, दुसरा एच त्याला पुन्हा वर उभा करतो. मधे हात लावला नाही तर दर वेळी शून्यच यायला हवं. पण मी मधेच मोजून बघितलं, तिथेच बाणाचं आधीचं सगळं पुसलं गेलं, आणि पुढच्या एचला परत जायला वाटच उरली नाही. "नवीन शिकणारे सगळे हे करतात. त्यातून शिक्षक असले तर नक्कीच," म्हणाली.

डॉक्टर कुजबुजले, "बाई, नव्यानं बसवलेला दात मूळ धरतोय का, हे उपटून बघायचं नसतं."

मला हसू आलं नाही. माझी चूक कळली, ठीक आहे. पण चिंगी? तिला तर मी मधल्या मोजण्याचं काही बोललेच नव्हते. नुसतं दोनदा एच म्हटलं होतं. तिनं लगेच म्हणायला हवं होतं की आई, असं कसं येईल?

दमलेली असेल. फोनवर धड ऐकू तरी कुठे येतं, ती कुत्री.

रविवार, १६ ऑक्टोबर

मुद्दाम दुसरा प्रश्न विचारला. साधाच. दोन क्यूबिट एकमेकांत गुंतवले की दोघांची उत्तरं कशी येतात? वर्गातल्या सगळ्यात मागच्या बाकावरच्या मुलानंही सांगितलं असतं : दोन्ही शून्य नाहीतर दोन्ही एक. आम्ही जी जोडी शिकलो तिच्यात उत्तरं कायम सारखी.

"आई, आता नको ना. दिवसभर तेच असतं."

"एकच सांग."

"काहीही येऊ शकतं. चार प्रकारे येतं."

मी "बरं" म्हटलं. पोटात खड्डा पडला. आणि लिहायला लाज वाटते, पण त्या खड्ड्याच्या तळाशी एक बारीकसा आनंदही होता. मला येत होतं.

मग तिची बाजू घेऊन विचार केला. कंपनीत काय सगळेच गणित करतात? कुणी यंत्र थंड ठेवत असेल, कुणी विकत असेल. दाताच्या दवाखान्यात खुर्ची पुसणाऱ्या बाईला दाढा थोड्याच मोजता यायला हव्यात. पण मग तसं सांगावं ना. आईला सांगायला काय होतं?

रविवार, ३० ऑक्टोबर

"आई, रद्द कर ना ते. सांग की मला बरं नाही."

"सगळ्यांना सांगून बसलेय मी. आमच्या शिकवणाऱ्या मुलीनं बाहेर फलकावर तुझं नाव लिहिलंय. थोडंच बोल. थंड यंत्राचं सांग. गणित नको काढूस. आणि मी असेन ना समोर."

"तू असशील," ती म्हणाली. "हो."

मी पाठवलेला निळा शर्ट घाल म्हणाले. तो छान दिसतो तिला.

शनिवार, ५ नोव्हेंबर

जसं झालं तसं लिहिते.

पडदा मोठा होता, चिंगी त्यावर भिंतीएवढी दिसत होती. निळा शर्ट घातला होता. केस चापूनचोपून बांधलेले, शाळेत जाताना मी बांधून द्यायचे तसे. मागे पांढरी भिंत, कुत्री नव्हती. तिनं थंडीचं सांगितलं, झुंबराचं सांगितलं. मधूनमधून नजर खाली जात होती, बहुधा कागद होता समोर. मी हातानं खुणावलं, वर बघ. मुलं मन लावून ऐकत होती. माझ्या मनात आलं, हे आज हवे होते.

मग एका मुलीनं विचारलं, "तुमच्या यंत्रात क्यूबिट किती वेळ टिकतो? आणि मधे चूक झाली तर ती पकडता कशी, मोजता तर येत नाही ना?"

चिंगी थांबली. कागद उलटल्याचा आवाज सगळ्या खोलीला ऐकू आला. टोळ चटकन म्हणाली, "चालेल, चालेल. अशा गोष्टी कंपनीबाहेर सांगता येत नाहीत, हो ना?" चिंगीनं मान हलवली. तेवढ्यावर निभावलं असतं, असं डॉक्टरांनी मला नंतर सांगितलं. पण माझी लेक तिथे अडकलेली मला कशी बघवणार? मी उभी राहिले. म्हटलं, "मी सांगते." आणि सांगितलं, पायरीपायरीनं. जादा क्यूबिट कसे शेजारी ठेवतात, मूळ बाणाला हात न लावता चूक तेवढी कशी हुडकतात. टोळ बघतच राहिली. मुलांनी टाळ्या वाजवल्या.

टाळ्यांनी मला जरा भान राहिलं नसेल. मी पडद्याकडे वळून म्हटलं, "आणि चिंगे, ते दोनदा एचचं तुला सांगायचं राहूनच गेलं बघ. आपलं दोघींचं उत्तर चुकलं होतं. निम्मं-निम्मं नाही, शून्य येतं. पण त्यात तुझा काही दोष नाही हं, मधे मी मोजलं होतं."

कुणीतरी हसलं. चिंगी माझ्याकडे बघत होती. इतक्या मोठ्या चेहऱ्यावर इतकं काहीच नसलेलं मी कधी बघितलं नव्हतं. मग पडदा काळा झाला.

"नेट गेलं वाटतं," मी म्हटलं. डॉक्टरांनी आपली पाण्याची बाटली माझ्यापुढे सरकवली.

रविवार, १३ नोव्हेंबर

गेल्या रविवारी फोन नाही, आजही नाही. मी केला तर उचलत नाही. संध्याकाळी न राहवून वन्संना म्हटलं, "मी तिला सावरायला गेले आणि हिला राग कसला?"

वन्संनी टीव्ही बंद केला. त्या कधी तो बंद करत नाहीत.

"वहिनी, ती जनावरांच्या दवाखान्यात कुत्री धुते. तिथलं कॉलेज तिनं पहिल्याच वर्षी सोडलं."

मी विचारलं, तुम्हाला कुणी सांगितलं.

"तिनंच. दादा होता तेव्हाच. त्यालाही ठाऊक होतं."

"आणि मला?"

"तुम्हाला सांगायचं म्हणून दोनदा फोन केला होता तिनं. एकदा तुम्ही शाळेच्या माजी विद्यार्थिनींना घरी जमवून तिच्या कंपनीचं सांगत होतात. फोन कानाला लावून म्हणालात, 'बघा, तिचाच आला.' मी होते तिथे."

मला ते आठवत नाही. आठवतं ते इतकंच की हे फोनवर हसत असायचे, डोळे पुसत असायचे, आणि मी विचारलं की म्हणायचे, "काही नाही गं, कुत्र्याची गंमत." मला वाटायचं एखादा विनोद असेल. माझ्याच घरात सगळ्यांना माहीत होतं, मला सोडून. या माणसासाठी मी दोन वर्षं रडतेय, आणि आज पहिल्यांदा त्याच्या फोटोकडे पाठ करून बसले.

रविवार, २० नोव्हेंबर

फोन आला. तिनंच केला.

रबरी एप्रन, कोपरापर्यंत ओले हात. मागे स्टीलचा मोठा हौद. या वेळी तिनं काही लपवलं नव्हतं. मांडीवर एका म्हाताऱ्या कुत्र्याचं डोकं होतं, टॉवेलात गुंडाळलेलं. "आई, याला दिसत नाही," म्हणाली. "सगळ्यांना चावतो, मलाही चावला होता. आता माझ्या पावलांचा आवाज आला की आपणहून हौदापाशी येऊन उभा राहतो. बघ, बघ, कसा कान हलवतो." आणि हसली. हे हसायचे तसं.

मी सगळं तयार करून ठेवलं होतं मनात. म्हटलं, "चिंगे, मी अजिबात रागावलेली नाही. झालं ते झालं. तुझं वय काहीच नाही अजून, पुन्हा सुरुवात करता येईल. तेव्हा शिकवणारं धड कुणी भेटलं नसेल. आता मला येतं. मी शिकवेन तुला, रोज थोडं थोडं."

ती कुत्र्याचे कान पुसत राहिली. एक झाला, मग दुसरा.

"आई, याचं नाव तरी विचार."

"हो, हो. काय नाव?"

"राहू दे."

मग म्हणाली, डिसेंबरात दवाखान्यात माणसं कमी असतात, सुट्टी मिळेल असं वाटत नाही. मी म्हटलं, बघ जमलं तर. कुत्रं उठून बसलं आणि तिला जावं लागलं.

रविवार, २७ नोव्हेंबर

काल वर्ग संपला. टोळनं प्रमाणपत्र दिलं, सगळ्यांत पहिलं माझं. वन्सं म्हणाल्या, "लावा भिंतीवर." त्यात टोमणा होता की नाही ते कळलं नाही.

आठवडाभर बसून पहिला धडा लिहून काढला. एकदम एच-बिच नाही, पार सुरुवातीपासून : दिव्याचं बटण, मग बाण. प्रत्येक पायरी वेगळ्या ओळीत लिहिली आणि शेवटी दोनच प्रश्न घातले. इतकं सोपं मी आजवर कुणालाच करून दिलं नव्हतं. हे तिला नक्की जमेल. गणितात ती कधी कच्ची नव्हती, फक्त सोबत कुणीतरी बसायला लागायचं.

सकाळीच पाठवला. पोचल्याची खूण आली आहे, उघडल्याची नाही. संध्याकाळ झाली. रविवार असला तरी जनावरं काही वार बघून आजारी पडत नाहीत. गर्दी असेल.